फुंकीव काच

फुंकीव काच : पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन व त्यात हवा फुंकून घडवलेली काच. बाटल्या, सुरया, दिव्यांचे फुगे, औषधांच्या कुप्या अशा पोकळ वस्तू या पद्धतीने तयार होतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात फुंकीव काच ठळकपणे तीन रूपांत आढळते : कंदिलाची काच, भरतकामातील आभले (कापडावर टाचायचे आरशाचे छोटे तुकडे) आणि महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळांतील उपकरणे.

काच माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून किंवा साच्यात ओतून भांडे करणे हे वेळखाऊ काम असल्यामुळे काचपात्र ही श्रीमंतांचीच वस्तू राहिली. इ. स. पू. पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सिरिया-पॅलेस्टाइनच्या प्रदेशात फुंकण्याची युक्ती सापडली. जेरूसलेम येथील उत्खननात त्या काळातील काचकामाचा टाकाऊ माल मिळाला असून त्यात फुंकलेल्या काचनळ्याही आहेत. पुढे रोमन साम्राज्यात ही कला वेगाने पसरली व काचेची भांडी सामान्य घरांत आली. व्हेनिसच्या शासनाने १२९१ मध्ये शहरातील काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, तेव्हापासून ते बेट या कलेचे मोठे केंद्र बनले.

नेहमीच्या काचेत सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका असते. शुद्ध सिलिका वितळवण्यास सुमारे १,७००° से. तापमान लागते, ते खाली आणण्यासाठी सोडा, आणि सोड्यामुळे काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुनखडी मिसळतात. वाळूतील लोहाचा थोडासा अंशही काचेला हिरवट छटा देतो. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन आलेली लोहयुक्त द्रव्ये वाळूत मिसळलेली असतात. त्यामुळे बांधकामाला चांगली असणारी ही वाळू स्वच्छ पारदर्शक काचेला चालत नाही. त्यासाठी सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरात मिळते तशी पांढरी सिलिका वाळू लागते. सोड्याचा नैसर्गिक साठा मात्र खानदेशाच्या पूर्वेला लागूनच असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे : लोणारच्या खाऱ्या सरोवरात काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त आहे.

मिश्रण १,४०० ते १,५००° से. तापमानाला वितळवून, बुडबुडे निघून गेल्यावर सुमारे १,१००° पर्यंत उतरवतात. काचेला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. ती निवता निवता काकवीसारखी दाट होत जाते आणि शेवटी घट्ट होते. दाटपणाच्या या मधल्या टप्प्यातच सगळी घडण करावी लागते. सुमारे दीड मीटर लांबीच्या फुंकनळीचे तापवलेले टोक काचेत बुडवून फिरवले की गोळा चिकटून येतो. तो लोखंडी पाट्यावर लोळवून सारखा केला जातो. मग कारागीर नळीत एक छोटी फुंकर घालून तिचे तोंड लगेच अंगठ्याने बंद करतो. कोंडलेली हवा उष्णतेने प्रसरण पावते आणि गोळ्यात बुडबुडा आपोआप उमलतो. छातीचा जोर लावून फुंकणे हे या कामाचे मर्म आहे, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. नळी अखंड फिरती ठेवणे हेच खरे कौशल्य होय, कारण हात क्षणभर थांबला तरी मऊ काच एका बाजूला ओघळते. आकार देण्यासाठी ओल्या लाकडी ठोकळ्याचा किंवा ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीचा उपयोग करतात. काच व कागद यांमध्ये वाफेचा पातळ थर तयार होतो आणि त्यावर गोळा सरकतो. काच निवू लागली की ती पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरून मऊ करतात. बूड तयार झाल्यावर त्याला एक भरीव दांडी चिकटवून वस्तू फुंकनळीपासून सोडवतात आणि मोकळे झालेले तोंड तापवून चिमट्याने रुंदावतात. ही दांडी तोडल्याची खूण हाताने घडवलेल्या भांड्याच्या बुडाशी बोटाला जाणवते.

तयार वस्तू तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला नंतर, आणि या ताणाने ती तडकते. म्हणून ती सुमारे ५००° से. तापमानाच्या बंद भट्टीत ठेवून कित्येक तास सावकाश निववतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, त्यामागेही कारण असेच आहे. साधी काच उष्णतेने बरीच प्रसरण पावत असल्यामुळे असा एकाएकी बसलेला थंडावा तिला सोसत नाही.

वीज पोहोचण्यापूर्वी खानदेशातील मळ्यात, खळ्यावर आणि बैलगाडीखाली लटकणारा कंदील या काचेवर अवलंबून होता. अशा वस्तू देशात बनाव्यात या स्वदेशीच्या प्रेरणेतून, अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. तेथे कारागीर शिकून तयार होत, हे त्याचे मोठे कार्य होय. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी स्थापन केलेल्या कराडजवळील कारखान्यामुळे ओगलेवाडी हे गावच वसले आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेला. कंदिलाची काच दुपाखी साच्यात फुंकतात, मग दोन्ही टोके कापून त्यांच्या कडा ज्योतीवर गुळगुळीत करतात.

चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या तालुक्यांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या कांचळीवर (चोळीवर) व फेटियावर (घागऱ्यावर) आभले टाचलेले असतात. गुजरातेतील कपडवंज येथे पारंपरिक आभल्यांसाठी काचेचा मोठा, अतिशय पातळ फुगा फुंकून त्याला आतून चकचकीत मुलामा देत व नंतर त्याचे तुकडे कापत. तुकडा गोलाचा असल्यामुळे किंचित फुगीर राहतो, प्रकाश अनेक दिशांना फेकतो आणि वजनाने हलका असल्याने कापडाला जड होत नाही. आजची बरीच आभली सपाट काचेची किंवा प्लॅस्टिकची असतात व त्यांची चमक एकसुरी दिसते.

प्रयोगशाळेची उपकरणे बोरोसिलिकेट काचेची असतात. तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका व १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असून तिचे प्रसरण साध्या काचेच्या जवळपास एकतृतीयांश असते. येथे वितळलेल्या काचेची भट्टी नसते. तयार नळ्या गॅस व ऑक्सिजनच्या ज्योतीत फिरवून मऊ करतात आणि रबरी नळीतून फुंकतात. तापलेल्या काचेतील सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होते व कामाची जागा दिसेनाशी होते, म्हणून कारागीर हा पिवळा प्रकाश अडवणारा डायडिमियमचा चष्मा वापरतो. संघनकाची (वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या उपकरणाची) आतली नळी बाहेरच्या आवरणाला दोन्ही टोकांशी वितळवून जोडणे हे यातील सर्वांत कठीण काम समजले जाते. मायकेल ओवेन्स यांच्या १९०३ मधील यंत्रानंतर बाटल्या यंत्राने बनू लागल्या. संशोधनासाठी लागणारी एखाद-दुसरीच खास रचना मात्र अजूनही हातानेच करतात, आणि तडकलेले महाग उपकरण दुरुस्त करण्यासाठीही याच कारागिराची गरज पडते.