फुंकर मारली आणि मारिओ आला

२०२१च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या गेमची कॅसेट ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ची १५ लाख ६० हजार डॉलरला. दोन्ही सीलबंद, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. बातमी वाचून माझ्या मनात किमतीच्याही आधी आलं ते हे, की या कॅसेटींना आजवर कुणी एकदाही फुंकर मारलेली नाही!

‘कार्ट्रिज’ हा शब्द आपल्याकडे फार उशिरा आला. आपली ती कॅसेटच. निन्टेंडो या जपानी कंपनीने जुलै १९८३मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र आणलं, त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्या घराघरात ‘टीव्ही गेम’ म्हणून शिरल्या. मे महिन्याची सुट्टी, पिवळी कॅसेट, आणि पडद्यावर मारिओऐवजी रंगीत ठिपक्यांची रांगोळी. मग आमचा आतेभाऊ पुढे सरसावायचा. कॅसेट उपसायची, माउथ ऑर्गनसारखी ओठांपुढे धरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत फूऽऽ, आणि परत खोचायची. मारिओ हजर! “धूळ होती,” असं तो डॉक्टरच्या थाटात सांगायचा. तिकडे अमेरिकेतली पोरंही हेच करत होती, कुणी कुणाला न शिकवता.

यातली फुंकर निव्वळ हजेरी लावायला होती. फुंकायचं तर कॅसेट बाहेर काढावी लागते आणि खेळायचं तर परत घालावी लागते. खरं काम त्या काढघालीत होतं.

कॅसेट उघडून बघा. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर चिप (स्वस्तातल्या मालात नुसता डांबरासारखा काळा ठिपका) आणि कडेला धातूचे चपटे दात. फॅमिकॉमला ६०, अमेरिकेत विकलेल्या निन्टेंडोला ७२. दात सपाट दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते नुकती टाकी लावलेल्या जात्यासारखे खडबडीत असतात. जात्याचे दोन दगड एकमेकांवर ठेवले तर ते सगळीकडे टेकत नाहीत, उंचवट्याला उंचवटा लागतो तेवढ्याच ठिकाणी टेकतात. दात आणि यंत्राच्या खाचेतली स्प्रिंग यांचंही तसंच. सगळी वीज त्या मोजक्या टेकणाऱ्या ठिपक्यांतून जाते. चांगल्या कॅसेटीत दातांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. तो झिजला की खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आणि तो थर विजेला अडवतो. नेमक्या टेकणाऱ्या ठिपक्यावर थर आला की तो दात असून नसल्यासारखा. कॅसेट पुन्हा खोचली की स्प्रिंग दातावरून घासत जाते, थर खरवडला जातो आणि टेकण्याची जागाही बदलते. झालं काम.

एक दात निखळल्याने एवढी रांगोळी का व्हावी? इथे मला थोडं वाहवत जाऊ द्या. या यंत्राचा प्रोसेसर मेमरीतल्या जागांचे ६५,५३६ पत्ते ओळखतो आणि सुरू होताच आधी ६५५३२ व ६५५३३ या दोन पत्त्यांवर जाऊन विचारतो, ‘कुठून सुरुवात करू?’ हे पत्ते कॅसेटीत असतात. बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकाच्या लिपीत, ६५५३२ म्हणजे चौदा एक आणि शेवटी दोन शून्यं. प्रत्येक अंकाला एक तार. समजा उजवीकडून तिसऱ्या अंकाचा दात टेकला नाही आणि चिपने तिथे एकऐवजी शून्य वाचलं. मग ६५५३२ ऐवजी ६५५२८ उघडतं, तिथे भलतंच काही लिहिलेलं असतं, आणि प्रोसेसर इमानाने त्या भलत्या गावाला निघतो. पडदा कोरा.

बरं, कॅसेटीत दोन वेगळी गोदामं असतात, एक प्रोग्रॅमचं आणि एक चित्रांचं, आणि दोघांच्या तारा वेगळ्या. म्हणून कधीकधी संगीत सुरेल चालू, बटण दाबल्यावर उडीचा आवाजही येतो, पण उडी मारणारा मारिओ म्हणजे चिंध्यांचं गाठोडं! याचा अर्थ प्रोग्रॅमचे दात शाबूत, चित्रांचे रुसलेले. आतेभावाने हे निदान केलं असतं तर मी त्याला खरंच डॉक्टर म्हटलं असतं.

अमेरिकन निन्टेंडोचं दुखणं आणखी निराळं. तिथे कॅसेट व्हीसीआरसारखी समोरून सरकवून खाली दाबायची. घासणं कमी, आणि स्प्रिंगा वाकून सैल पडायच्या. वर यंत्रात आणि कॅसेटीत एकेक पहारेकरी चिप. दोघींचा संवाद जुळला नाही की यंत्र दर सेकंदाला पुन्हा सुरू होई आणि दिवा लुकलुकत राही. आपल्याकडच्या फॅमिकॉमच्या नकलांत हा पहारा नव्हता.

फुंकरीने विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाचंही गणित हेच. बरेचसे विंचू फक्त वेदना देतात, त्या काही तासांत ओसरतात आणि श्रेय फुंकरीला मिळतं. कोकणातल्या लाल विंचवापुढे मात्र फुंकर चालत नाही. तिथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरात आणलेलं प्राझोसिन हे औषध लागतं.

कॅसेटीच्या बाबतीत फुंकर नुसती निरुपयोगीही नाही. श्वासात ओलावा, थुंकीत क्षार. पूजेची तांब्याची पळी न घासता ठेवली की जो हिरवट थर चढतो, तोच इथे चढतो. फुंकू नका, असं खुद्द निन्टेंडोनेच सांगितलं होतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी घेतलेली एक कॅसेट मी पॉलिश पेपरने घासून कायमची बाद केली आहे. सोन्याचा मुलामा मायक्रॉनच्या हिशोबात असतो, तो दोन हातांत गेला. संगणक दुरुस्त करणारे रॅमला (मेमरीच्या पट्टीला) खोडरबर मारतात तेही जपूनच करावं. सगळ्यात बरं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीवर. पहिली काडी काळीकुट्ट निघते, तिसरी-चौथी पांढरी. सुकू द्यायची, मग खोचायची. त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका कॅसेटीवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलं होतं. अशांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गेम असतात, बाकी तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. पण चालली!

राहता राहिली ती ८ लाख ७० हजारांची झेल्डा. त्या गेममध्ये आपली प्रगती जपायला कॅसेटीतच नाण्याएवढा एक सेल बसवलेला असतो. खेळा किंवा न खेळा, तो पहिल्या दिवसापासून थोडाथोडा उतरत असतो. सीलबंद प्रतीतला सेल अजून जिवंत आहे का, हे बघायचं तर प्लास्टिक फाडावं लागेल.