महागडी पॉवर केबल आणि स्पीकरमधली घूंऽऽ

पॉवर केबल बदला, आवाज मोकळा होईल, बास मखमली होईल अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. केबल जमिनीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळेसुद्धा विकतात, म्हणजे लिंबू-मिरचीचंच हायफाय व्हर्जन!

मुळात भिंतीतली वीज स्पीकरपर्यंत थेट पोचतच नाही. अॅम्प्लिफायरमध्ये आधी ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, मग डायोड एसीचं डीसी करतात आणि मोठे कपॅसिटर ते साठवून ठेवतात. गच्चीवरची टाकी भरलेली असली की ती कुठल्या पाइपने भरली याने नळाच्या धारेत फरक पडत नाही, तसंच हे. शिवाय भिंतीत कितीतरी मीटर साधी वायर आहेच की, शेवटच्या दीड मीटरने काय उजेड पडणार?

पण कनेक्शनचा काहीच संबंध नाही असंही नाही. खरा घोळ असतो अर्थिंगमध्ये, स्पीकरमधली घूंऽऽ अशी घरघर अनेकदा तिथूनच येते.

समजा कॉम्प्युटर एका सॉकेटला आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्याला, दोन्ही तीन पिनवाले (तिसरी पिन अर्थची), आणि मध्ये साधी ऑडिओ केबल. आता दोघांच्या अर्थच्या पिना दोन वाटांनी जोडल्या गेल्या, एक भिंतीतली अर्थ वायर आणि दुसरी ऑडिओ केबलची बाहेरची जाळी, म्हणजे बंद वर्तुळ झालं, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आजूबाजूच्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र या लूपमध्ये बारीकसा करंट तयार करतं (लूप जितका मोठा तितका जास्त), त्यात उपकरणांच्या फिल्टरमधून अर्थकडे गळणारा करंट मिसळतो. आता गंमत बघा, साध्या केबलमध्ये ही जाळीच सिग्नलचा परतीचा रस्ता असते. जाळीचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम आणि करंट २० मिलीअँप धरला तर ओहमच्या नियमाने १ मिलीव्होल्ट पडतो आणि तो गाण्यातच मिसळतो. गाण्याचा सिग्नल साधारण ३०० मिलीव्होल्ट, म्हणजे ही घरघर त्याच्या फक्त ५० डेसिबल खाली. गाणं जोरात असताना कळणार नाही, शांत आलापात मात्र नक्की ऐकू येईल. स्टुडिओतल्या बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांमधल्या फरकात असतो, घरघर दोन्हीत सारखीच शिरते त्यामुळे वजाबाकीत बरीचशी उडते.

ओळखायचं कसं? आवाज कमी करून ऑडिओ केबल काढा. घूंऽऽ गेली तर सहसा लूपच. राहिली आणि सूर मेन्सच्या दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झचा असेल तर आतले कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता जास्त.

लूप असेल तर दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावून बघा, लूप लहान होतो. नाहीतर ऑप्टिकल केबल, तिच्यात धातूच नाही, किंवा सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो दोन्ही बाजू तारेने न जोडता सिग्नल पुढे देतो. काही जण सरळ अर्थची पिनच कापतात. घरघर जाते खरी, पण उद्या आत लाइव्ह वायर सुटून बॉडीला लागली तर करंटला जमिनीत जायला अर्थची वाट उरत नाही, मग तो व्हॉल्यूमचं बटण फिरवणाऱ्याच्या अंगातून जातो.