वेगवान खासगी विमानाकडे वळताना : अमेरिकेत लागणारी पात्रता आणि कागदपत्रं

किमान ४० तासांचं उड्डाण झालं, परीक्षा पास झाली, खासगी वैमानिकाचं सर्टिफिकेट हातात आलं. सेस्ना १७२ सारख्या साध्या विमानावर हात बसला की नजर शेजारच्या हँगरमधल्या बोनान्झा किंवा सिरस एसआर-२२ अशा वेगवान विमानाकडे वळतेच. मग प्रत्येक जण विचारतो, ‘यासाठी किती तास लागतात?’

एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, हिच्या नियमांत तासांचा असा आकडाच नाही. नियम ६१.३१ फक्त विमान कसं आहे ते बघतो. एका इंजिनाची ताकद २०० अश्वशक्तीपेक्षा जास्त असेल, तर ‘हाय परफॉर्मन्स’ एंडोर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लेखी मान्यता, लागते. आत घेता येणारी चाकं, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग) आणि पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा प्रोपेलर हे तिन्ही असेल, तर ‘कॉम्प्लेक्स’. केबिन प्रेशराइज्ड असून विमान २५,००० फुटांच्या वर जाऊ शकत असेल, तर तिसरी, उंचीवरची एंडोर्समेंट.

इथे भले भले गोंधळतात. पायपर ॲरोचं इंजिन बरोबर २०० अश्वशक्तीचं, म्हणून ते फक्त कॉम्प्लेक्स. एसआर-२२ चं ३१० चं, पण चाकं बाहेरच, म्हणून फक्त हाय परफॉर्मन्स. पायपर सेमिनोलला १८० ची दोन इंजिनं आहेत, पण बेरीज करायची नसते. ते हाय परफॉर्मन्स ठरत नाही. बोनान्झा ए-३६ ला मात्र दोन्ही लागतात.

प्रक्रिया सरकारी असली तरी एफएएकडे फॉर्म नाही, फी नाही, परीक्षकही नाही. अधिकृत इन्स्ट्रक्टरकडे जमिनीवरचं आणि हवेतलं प्रशिक्षण घ्यायचं. तयारी झाली असं त्याला वाटलं की तो लॉगबुकात (तुमच्या उड्डाणांच्या नोंदवहीत) एंडोर्समेंट लिहून सही करतो. ही सही एकदाच लागते, तिची मुदत संपत नाही. जाताना सर्टिफिकेट, फोटो असलेलं ओळखपत्र, चालू मेडिकल (आरोग्य प्रमाणपत्र), लॉगबुक आणि २४ महिन्यांच्या आतला फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरसोबतची उजळणी) एवढं जवळ ठेवा. मेडिकलऐवजी बेसिकमेड ही सोपी पर्यायी सोय वापरत असाल, तर १८,००० फूट आणि २५० नॉट्स ही मर्यादा लक्षात घेऊनच विमान निवडा.

तास विचारते ती विमा कंपनी. तिच्या पायलट हिस्टरी फॉर्मवर एकूण तास, चाकं आत जाणाऱ्या विमानातले तास, नेमक्या त्याच मॉडेलवरचे तास, गेल्या १२ महिन्यांतले आणि गेल्या ९० दिवसांतले तास, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडवण्याची पात्रता), आधीचे अपघात असं सगळं लिहावं लागतं. त्यावरून ती ठरवते : इन्स्ट्रक्टरसोबत इतके तास, मग प्रवासी न घेता एकट्याने इतके, दरवर्षी पुन्हा प्रशिक्षण. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा. म्हणून विमानाचा सौदा पक्का करण्याआधी कोटेशन घ्या. बरेच जण नेमकं उलट करतात. मित्राचं विमान उडवणार असाल, तर त्याच्या पॉलिसीतलं ‘ओपन पायलट’ कलम, म्हणजे मालकाशिवाय कोण उडवू शकतो ते सांगणारं कलम, वाचा. त्यातल्या अटीत तुम्ही बसत नसाल, तर विम्याचा दावा करताना तुमच्या लॉगबुकातल्या सहीचा काही उपयोग नाही.

कंपनीचा हट्ट मला तरी अवास्तव वाटत नाही. ९,५०० फुटांवरून १,५०० वर, मिनिटाला ५०० फुटांनी उतरायला १६ मिनिटं लागतात. सेस्नासारख्या विमानात ११० नॉट्सने तेवढ्यात सुमारे २९ सागरी मैल जातात, वेगवान विमानात १८० ने ४८. म्हणजे उतरण्याचा विचार जवळपास २० मैल आधी सुरू व्हायला हवा. शिवाय त्याच वेळी वेग कमी करायचा, चाकं बाहेर काढायची, प्रोपेलरचा लीव्हर पुढे करायचा. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही.

प्रशिक्षणातले तास वाया जात नाहीत. त्या वर्गाचं (एक इंजिन किंवा अनेक इंजिनं असं) रेटिंग असेल आणि नियंत्रण तुमच्याच हातात असेल, तर एंडोर्समेंट मिळण्याआधीचे तासही पायलट-इन-कमांड (मुख्य वैमानिक) म्हणून लॉगबुकात मांडता येतात. विमानाची जबाबदारी घेऊन एकट्याने जाता येत नाही, एवढंच.

जेट असेल किंवा वजन १२,५०० पौंडांच्या वर असेल, तर सहीवर भागत नाही. त्या विशिष्ट मॉडेलचं टाइप रेटिंग लागतं, म्हणजे रीतसर अर्ज आणि चेकराइड (परीक्षकासमोरची उड्डाण परीक्षा). छोट्या सिरस व्हिजन जेटलाही यातून सूट नाही.

भारताच्या डीजीसीएचं लायसन्स घेऊन अमेरिकेत येणाऱ्यांना नियम ६१.७५ खाली खासगी सर्टिफिकेट मिळू शकतं. त्याआधी एफएए भारतातून लायसन्सची पडताळणी करून घेते आणि तसं पत्र देते. ते सहा महिनेच चालतं, तेव्हा अर्जाची तारीख प्रवासाच्या तारखेशी जुळवूनच ठरवा.