पात्रांचा पराभव आणि शरणागती (टेबलटॉप आरपीजी)

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळात, खेळाडूंची पात्रे लढाई हरली तर पुढे काय, हे ठरवण्याची रीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) मरणाचा हिशेब चोख आहे. हिट पॉइंट (पात्रात उरलेला दम मोजणारे गुण) शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडते आणि आपल्या दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकते. १० किंवा जास्त म्हणजे यश. तीन यशांनी जीव तगतो, तीन अपयशांनी जातो. १ पडला तर दोन अपयशे, २० पडले तर १ हिट पॉइंट घेऊन पात्र उठते. मात्र जवळून वार करून पाडणाऱ्याला ‘ठार नाही, बेशुद्ध केले’ असे म्हणता येते. ही सवलत शत्रूलाही आहे, हे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे आणि शत्रूंच्या वतीने खेळणारे) सर्रास विसरतात.

‘फेट कोअर’ या दुसऱ्या आरपीजीत (२०१३) फासे पडण्याआधी हार पत्करणाऱ्याला फेट पॉइंट (पुढे आपल्या फायद्यासाठी खर्चता येणारा गुण) मिळतो आणि आपण कसे हरलो यात त्याचा शब्द राहतो. हट्टाने लढून पडला, तर सगळे समोरच्याच्या हाती.

एरवी खेळाडू शरण जायला नाखूश असतात. मेले तर नवे पात्र करता येते. पण शरण जाऊन तलवार आणि मंत्रांची वही गेली की हाती उरते काय? म्हणून अटी आधी आणि स्पष्ट सांगाव्यात. पहिले पात्र कोसळताच शत्रूचा म्होरक्या ओरडतो, ‘हत्यारं टाका, जीव वाचेल!’ इथे पाळ्या थांबवून टेबलाला पाचेक मिनिटे द्यावीत. नाहीतर एक जण तलवार टाकतो, दुसरा बाण सोडतो आणि निःशस्त्र झालेलाच आधी मरतो. काय जप्त होणार, ओलीस कोण, किती दिवस, हे तिथेच ठरवावे. मे १७३९ मध्ये वसईचे पोर्तुगीज चिमाजी अप्पांपुढे शरण आले तेही अटी ठरवूनच, आणि शस्त्रांसह, निशाणे फडकवत बाहेर पडले.

कैद बेतताना ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, डोळ्यांसमोर ठेवावा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी, इंग्रजांच्या कैदेतले त्र्यंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. पहारा गोऱ्या शिपायांचा. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठी गाण्यांतून बेत कळवत असे आणि पहारेकऱ्यांना त्यातले अवाक्षर कळत नसे, असे सांगतात. पहाऱ्यात अशी एखादी खोट हवीच, आणि ती खेळाडूंच्या नजरेला पडायला हवी. डीएमने सुटकेची एकच वाट ठरवली आणि ती कुणाला सुचली नाही, की अख्खे सत्र कोठडीत सडते. जप्त सामान जवळच्याच खोलीत असावे. छळ दाखवायचा की नाही, हे मोहिमेपूर्वी (अनेक सत्रे चालणारी कथा सुरू होण्याआधी) सर्वांना विचारून घ्यावे.

शरणागती सत्राच्या शेवटाकडे आलेली बरी. वाशीत खेळ रंगला असताना ठाण्याची लोकल गाठायला कुणीतरी उठतोच. पुढच्या रविवारी ज्याला जमणार नाही, त्याचेच पात्र ओलीस ठेवावे.