क्यूबोनच्या डोक्यावरची कवटी

गिरगावातल्या आमच्या चाळीत क्यूबोनला, म्हणजे पोकेमॉनमधल्या डोक्यावर कवटी घातलेल्या छोट्या प्राण्याला, क्यूबोन कुणी म्हणत नसे. तो ‘कवटीवाला’. २००३च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून लागू लागलं, चिप्सच्या पाकिटांतून टाझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, निघू लागले, आणि एका पिकाचूच्या बदल्यात दोन-तीन कवटीवाले सहज मिळत. टीव्हीवर शाळेच्या एका भागात तो पिकाचूशी लढून हरला होता, तिथेच त्याचा भाव पडला. डोक्यावरचं ते हेल्मेटच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. खरी गोष्ट होती गेममध्ये, आणि तो ज्यावर खेळायचा ते हातातलं यंत्र, गेमबॉय, आमच्यापैकी कुणी हातातसुद्धा धरलेला नव्हता. तो गेम मला भेटला बऱ्याच वर्षांनी, सायबर कॅफेतल्या एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर.

मूळ गेम ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ला आले. त्यात क्यूबोनचा नंबर १०४, जपानी नाव काराकारा. सुकी हाडं एकमेकांवर आपटावीत तसा आवाज. खेळता खेळता आपण लॅव्हेंडर टाउन नावाच्या गावात पोचतो. तिथे सात मजली मनोरा आहे आणि त्यात मेलेल्या पोकेमॉनची थडगी. गावातल्या एका घरात क्यूबोनजवळ एक मुलगी उभी असते. तिच्याशी बोललं तर ती सांगते, टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीच्या तावडीतून पळताना याची आई मारली गेली. बस, दोन ओळी. त्या घरात डोकावलंच नाही तर तेवढंही कळत नाही.

मनोऱ्याच्या सहाव्या मजल्यावर एक भूत वाट अडवतं. पोकेमॉन पकडायचा पोकेबॉल फेकला तर ते चुकवतं, हल्ला करावा तर आपलाच पोकेमॉन घाबरून जागचा हलत नाही. सिल्फ स्कोप नावाचं यंत्र मिळवून गेलं तर त्याचं खरं रूप दिसतं: ती मॅरोवॅक (क्यूबोन मोठा झाला की त्याचा होतो तो पोकेमॉन), त्याच क्यूबोनची आई. तिला हरवलं की आत्मा शांत होऊन निघून जातो.

हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. बाणगंगेवर पिंड ठेवून ताटकळत उभी असलेली माणसं आपण पाहिलेली असतात. कावळा शिवत नाही, मग कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, ‘पोराची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.’ गेममध्ये हे कुणी म्हणत नाही. मेलेल्या आईला आणखी एकदा लढाईत पाडायचं आणि त्याला शांती म्हणायचं, हे मला आजही खटकतं. त्यापेक्षा पहिल्या गेममधली एक पळवाट बरी: स्कोप नसला तरी दुकानात मिळणारी बाहुली तिच्यापुढे टाकली की ती वाट सोडते. बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली चूक असावी. पण बाहुली पाहून थांबणारी आई ही जास्त खरी वाटते.

गंमत म्हणजे ती कवटी आईची आहे, हे इंग्रजी ‘रेड’ आणि ‘ब्लू’च्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, नव्हतंच. क्यूबोन कवटी काढत नाही, म्हणून त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, एवढीच नोंद होती. इंग्रजीत आईची कवटी आली ‘यलो’ या पुढच्या गेममध्ये. जपानमध्ये तो १९९८ला निघाला. त्यातल्या नोंदीनुसार रडण्याचा आवाज कवटीत घुमतो आणि करुण सुरासारखा बाहेर येतो. पुढे ‘रूबी’त भर पडली की पौर्णिमेच्या चंद्रात त्याला आई दिसते, आणि कवटीवरचे डाग आसवांचे आहेत.

इथे घोळ झाला. पहिली गोष्ट एका पोरक्या पिल्लाची होती, ती नोंदींमधून सगळ्या जातीला चिकटली. त्यातच १९९९च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ने अंडी आणली. आई जिवंत, डे-केअरमध्ये (गेममधल्या पोकेमॉन सांभाळायला ठेवायच्या जागेत) मजेत फिरतेय, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या डोक्यावर कवटी हजर! कुणाची? चाहत्यांनी मग स्वतःच ठिगळं लावली. सगळ्यांत लाडकं ठिगळ असं की क्यूबोन म्हणजे आई गमावलेलं कँगसखानचं, म्हणजे कांगारूसारख्या दुसऱ्या एका पोकेमॉनचं, पिल्लू. पोटाच्या पिशवीतल्या त्या पिल्लाशी तोंडावळा थोडाफार जुळतोही. पण कँगसखानच्या अंड्यातून कँगसखानच निघतं, त्यामुळे मला ते पटलेलं नाही.

क्यूबोनचा मॅरोवॅक होतो २८व्या लेव्हलला. २०१६च्या ‘सन’ आणि ‘मून’ने त्यालाही कारण जोडलं: काहींच्या मते आईच्या मरणाचं दुःख पचवलं की तो मोठा होतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जिओबरोबर फोनवरचा गेम पोकेमॉन गो अधिकृतपणे भारतात आला. आमच्या चाळीतली टाझोवाली पोरं, आता नोकरदार, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर फोनमध्ये तोंड घालून बसू लागली. त्यात ना मनोरा, ना ती मुलगी. ५० कँडी जमवायच्या आणि बटण दाबायचं, झाला मॅरोवॅक. माझ्या क्यूबोनच्या कधीच जमून झाल्यात. बटण अजून दाबलेलं नाही.