पापणीच्या ऑपरेशननंतर पापणी पुन्हा उतरली असेल तर

उतरलेली पापणी उचलण्याचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, तरीही डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसतो. अशा वेळी दुसऱ्या ऑपरेशनची घाई होणे साहजिक आहे. पण आधी पापणी का उतरली ते शोधावे लागते. उपाय त्यावरच ठरतो.

वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूला लेव्हेटर म्हणतात. त्याचा पडद्यासारखा पातळ भाग पापणीतल्या कडक पट्टीला जोडलेला असतो. तिथला टाका सुटला, पडदा सैल पडला किंवा व्रणामुळे स्नायू जखडला, की पापणी वर जात नाही. काहींना नुसती सूज असते आणि ती आपोआप ओसरते. म्हणून आम्ही सहसा ३ ते ६ महिने थांबायला सांगतो. मात्र टाका सुटल्याचे पहिल्या काही दिवसांतच लक्षात आले, तर लगेच दुरुस्ती करता येते. तेव्हा पापणी खूपच खाली वाटली तर वाट न पाहता दाखवून जा.

तपासताना खाली आणि मग वर पाहायला सांगून पापणी किती सरकते ते मोजतो. हालचाल चांगली असेल तर लेव्हेटरच पुन्हा घट्ट बसवतात. ती ४ मिमीपेक्षा कमी असेल, तर बहुधा पापणीला कपाळाच्या स्नायूचा आधार द्यावा लागतो. दुसरा डोळाही तितक्याच काळजीने पाहतो, कारण एक पापणी उचलली की कधीकधी दुसरी खाली येते. डोळे कोरडे असतील तर पापणी बेतानेच उचलावी लागते, नाहीतर झोपेत डोळा उघडा राहून बुबुळाला इजा होते.

मोठ्या माणसांत हे ऑपरेशन शक्यतो फक्त तेवढ्या जागेला भूल देऊन करतात. मध्येच डोळे उघडायला सांगून दोन्ही बाजू जुळवता येतात. तरी जुन्या व्रणामुळे थोडा फरक राहू शकतो. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे होतील अशी हमी आम्ही देत नाही.

संध्याकाळी पापणी जास्त उतरत असेल तर जरूर सांगा; ते स्नायूंच्या आजाराचे लक्षण असू शकते. पापणी अचानक पडली आणि सोबत दोन-दोन दिसणे, तीव्र डोकेदुखी किंवा एक बाहुली मोठी होणे असे काही असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तातडीने मोठ्या रुग्णालयात जा.

येताना पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि त्याआधीचे फोटो आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःहून बंद करू नका.