क्रोशाचे रंगीत चौकोन आणि घरातला तुटक वेळ

क्रोशाकाम जुनेपुराणे वाटते, पण विणकामाच्या घराण्यात ते धाकटे. दोन सुयांवरचे विणकाम मध्ययुगापासून चालत आले आहे. क्रोशाचे आज ठाऊक असलेले सर्वांत जुने छापील नमुने मात्र १८२३ चे, 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकातले. ते होते रेशमी दोऱ्याच्या बटव्यांचे.

त्याआधीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. अठराव्या शतकात युरोपात आकड्याच्या सुईच्या भरतकामाचे वेड होते. ही कला पूर्वेकडून तिकडे गेलेली, आपल्या आरीकामाची जवळची नातलग. गोल चौकटीवर ताणलेल्या कापडातून सुई दोरा वर ओढते आणि साखळी टाका उमटतो. कापड काढून टाकले की हातात उरते ती क्रोशाची साखळी, असा एक तर्क. दुसरा दुवा स्कॉटलंडचा: एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींत १८१२ च्या सुमाराच्या, क्रोशाचेच साधे रूप मानल्या जाणाऱ्या 'मेंढपाळी विणकामा'चा उल्लेख आहे. मला दोन्ही खरे वाटतात. वरच्या घरांत नाजूक सुई आली, खालच्या घरांत जाड लोकरीचे काम आधीपासून असावे, आणि पुढे ते मिसळले असावे.

क्रोशाला घरोघर नेले ते मात्र भुकेने. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या बटाट्याच्या पिकावर रोग पडला, पाठोपाठ भीषण दुष्काळ आला. कॉर्कमधल्या अर्सुलाइन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स गावात धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी हेच काम उभे केले. नमुना होता व्हेनिसच्या सुईकामाच्या महागड्या लेसचा. तशी लेस करायला लागणारा वेळ या बायकांकडे नव्हता. क्रोशाने तसेच रूप कितीतरी लवकर उतरे. कामाची वाटणीही झाली. कुणी गुलाब करी, कुणी पाने, आणि शेवटी कुणीतरी ते तुकडे जाळीने जोडी. चूल, लेकरे, गुरे सांभाळता सांभाळता एक फूल पुरे होऊ शकते, अख्खी कॉलर नाही. लहान तुकडे करून मागाहून जोडण्याची ही रीत पुढे घरगुती क्रोशाकामाचा कणाच झाली. लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांच्या नमुन्यांच्या पुस्तकांचा खप मोठा होता. राणी व्हिक्टोरियाही क्रोशे करी, त्यामुळे गरिबांचे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही हे काम दिवाणखान्यात चालू लागले.

आंध्रातल्या नरसापूरला १८४४ च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी मॅक्रे दांपत्याने हे काम नेले. तिथल्या बायकांची लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या अभ्यासात दाखवले की निर्यातीचा एवढा धंदा ज्यांच्या बोटांवर चालला होता, त्यांची गणना 'घरी बसणाऱ्या गृहिणी' अशीच होत होती, आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग म्हटले जात होते. क्रोशाला आजही 'टाइमपास' म्हटलेले ऐकले की मला हे आठवते आणि रागही येतो.

घरसजावटीत क्रोशे आधी शिरले ते पांढऱ्या रुमालांच्या रूपात. त्या काळी पुरुष डोक्याला मकासर तेल चोपडत, म्हणून खुर्चीच्या पाठीवर धुता येईल असा रुमाल टाकत. रंग आले ते रसायनशाळेतून. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना अपघाताने जांभळा रंग सापडला, आणि पुढच्या काही दशकांत भडक, स्वस्त कृत्रिम रंगांची लोकर सर्वसामान्य घरांत पोचली.

मग उरलेल्या लोकरीचे काय करायचे हा प्रश्न आला. त्याचे उत्तर म्हणजे मधून सुरू होऊन फेरीगणिक वाढणारा, प्रत्येक फेरीला रंग बदलणारा चौकोन, ज्याला आज ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. त्याचा एक जुना छापील नमुना १८८५ मध्ये 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकन शेतकी नियतकालिकात आला. तीन-तीन खांबांचे (उंच टाक्यांचे) झुपके, कोपऱ्यात साखळ्या, एवढेच त्याचे गणित. दोन सुयांच्या विणकामात ओळभर टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली तर ते घरंगळतात. क्रोशात उघडा असतो एकच टाका. दूध उतू जायला लागले, बाळ उठले, तर तो थोडा ओढून मोठा करायचा आणि सुई ठेवून उठायचे. परत आल्यावर मोजणी विसरली तरी चौकोन पाहूनच पुढचा खांब कुठे घालायचा ते कळते.

१९३० च्या मंदीत असे चौकोन जोडून पांघरुणे झाली. १९५० पासून अ‍ॅक्रिलिक धागा मोठ्या प्रमाणावर निघू लागला. तो स्वस्त होता, धुवायला सोपा होता आणि हव्या त्या रंगात मिळत होता. १९७० च्या दशकात उशांचे अभ्रे, सोफ्यावरची पांघरुणे, किटलीचे टोप, सगळीकडे नारिंगी-तपकिरी चौकोन दिसू लागले. नंतर त्यांना जुनाट म्हणून माळ्यावर टाकले गेले. आता ते पुन्हा खाली उतरले आहेत.

या सगळ्या काळात एक गोष्ट बदललेली नाही. विणकाम यंत्रांनी केव्हाच ताब्यात घेतले, पण कारखान्यातली 'क्रोशे' म्हणवणारी यंत्रेही फक्त क्रोशासारखे दिसणारे कापड काढतात. दुकानात दहा रंगांचे खरे चौकोन जोडलेला अभ्रा अगदी स्वस्तात मिळाला, तरी त्यातला प्रत्येक खांब कुणीतरी हातानेच घातलेला असतो, आणि बहुधा घरातल्या कामांच्या मधल्या वेळातच.